कीर्तन गेटच्या बाहेर पण होऊ द्या

जेलमध्ये कीर्तन, प्रवचन, योगा, ध्यान असा काही प्रोग्राम झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो हमखास येतो. महाराजांच्या गळ्यात हार, साहेबांच्या हातात नारळ, बाजूला संस्थेचं बॅनर आणि खाली सतरंजीवर पाठमोरे बसलेले कैदी. बातमीत लिहिलेलं असतं की कैद्यांच्या डोळ्यात पाणी आलं. येत असेल, खोटं म्हणत नाही मी. आपल्या खान्देशात कीर्तनाला बसून डोळ्यात पाणी न येणारा माणूसच शोधावा लागेल. प्रश्न असा आहे की हा माणूस सहा महिन्यांनी सुटतो, एसटीने गावी येतो, आणि ज्या गावात त्याला कोणी कामावर ठेवत नाही त्या गावात कीर्तन कोणी केलं? माझं म्हणणं सरळ आहे, जेलच्या आत ट्रेनिंग वाढवा, आणि प्रवचनाचा अर्धा डोस तरी बाहेरच्या लोकांना द्या, खरी गरज तिथं आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, नाहीतर लगेच कोणीतरी म्हणेल हा नास्तिक दिसतो. जेलमधल्या अध्यात्माचा फायदा होतो हे मी मानतो. 1975 ला जयपूरच्या सेंट्रल जेलमध्ये गोएंकाजींनी विपश्यनेचं शिबिर घेतलं, नंतर 1994 ला किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना तिथं एकाच वेळी हजारभर कैदी दहा दिवस तोंड बंद करून बसले, आणि तेव्हापासून देशातल्या बऱ्याच जेलांमध्ये हे चालू आहे. इगतपुरीचं विपश्यना केंद्र तर आपल्याला जवळच, आपल्याकडचे किती लोक तिथं जाऊन दहा दिवस बसून आलेत. आत असलेल्या माणसाची सगळ्यात वाईट वेळ रात्रीची असते, बराक बंद झाली की पुढे काय करायचं हा प्रश्न सगळ्यांनाच, एकाला बायकोची चिंता, एकाला बहिणीच्या लग्नाची, एकाला दारू सुटल्यामुळे हात थरथरतात आणि झोप येत नाही, चौथा मनातल्या मनात कोणाला तरी बघून घ्यायचे प्लॅन करत पडलेला. अशा वेळी श्वासावर लक्ष ठेवायला शिकवलं, किंवा चार अभंग पाठ असले, नमाज असली, तर रात्र निघते. भांडणं कमी होतात. एवढं काम ते करतं आणि चांगलं करतं.

आणि खान्देशच्या माणसाला हे कोणी शिकवायची गरजच नाही. धुळ्याच्या जेलात 1932 साली विनोबा होते, 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी गीतेचा एक अध्याय, अठरा रविवार अठरा अध्याय. आणि लिहून घ्यायला कोण, तर साने गुरुजी. अमळनेरची मास्तरकी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत पडलेले. गीताप्रवचने नावाचं जे पुस्तक आज इतक्या भाषांमध्ये वाचलं जातं ते धुळ्याच्या जेलात बोललं गेलंय. जेलमधल्या अध्यात्माबद्दल बोलायचं तर आपल्याइतका जुना आणि मोठा दाखला कोणाकडे असेल असं मला वाटत नाही.

पण तोच दाखला नीट बघा ना. पहिली गोष्ट, विनोबा स्वतः कैदी होते. गाडीतून उतरून तासभर बोलून हार घालून परत गेले नाहीत, जे अन्न बाकीच्यांना तेच त्यांना, जे दळण बाकीच्यांना तेच त्यांना, आणि दळणाच्या कामापासून अंग काढून घेणाऱ्या राजकीय कैद्यांना त्यांनीच कामाला लावलं. म्हणजे तिथं सुद्धा गीता एकटी नव्हती, तिच्याबरोबर जातं होतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती सगळे विसरतात. त्या लोकांसाठी बाहेरचं दार उघडं होतं. सत्याग्रही सुटला की गाव त्याला हार घालायला स्टँडवर यायचं, जेलात जाऊन आला म्हणजे मोठा माणूस झाला. आज जो सुटतो त्याला घ्यायला आई येते, तीही आलीच तर, आणि ती पण गावात शिरताना अंधार पडायची वाट बघते. विनोबांच्या श्रोत्यांना मनाची तयारी पुरली, कारण बाकी सगळं समाज द्यायला तयार होता. आताच्या कैद्याला तेवढ्यावर पुरत नाही.

आता आत असतात कोण हे पण बघू. आपल्या डोक्यात कैदी म्हटलं की जन्मठेपवाला, पट्ट्याचे कपडे घातलेला. केंद्र सरकारची जी तुरुंगांची आकडेवारी निघते तिच्यात 2022 च्या शेवटी देशात 5,73,220 कैदी होते आणि त्यातले 4,34,302 कच्चे. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तरांवर अजून गुन्हा सिद्धच झालेला नाही, केस चालू आहे, तारीख पे तारीख. आणि धुळे, जळगाव अशा जिल्हा जेलांमध्ये मुख्यतः हेच लोक. शिक्षा लागली, ती पण मोठी, की माणूस नाशिकरोड सेंट्रलला जातो. तिथं कारखाना आहे, फर्निचर बनतं, शिलाई चालते, गणपतीच्या मूर्ती होतात आणि लोक रांगा लावून घेतात. चांगलंच आहे ते. पण कच्च्या कैद्याला कामाची सक्ती करता येत नाही, आणि सक्ती करता येत नाही म्हणून जिल्हा जेलात त्याच्यासाठी कामाची सोय करायची पण कोणाला घाई नाही. मग तो दिवसभर काय करतो? बसतो. गप्पा मारतो. त्याच्यापेक्षा मोठ्या गुन्ह्यात आलेल्याच्या ओळखीत येतो. आणि महिन्या-दोन महिन्यातून एखादं प्रवचन ऐकतो.

हे मला सगळ्यात जास्त खटकतं. ज्याला अजून कोर्टाने दोषी ठरवलेलं नाही त्याला आपण पश्चात्तापाचं प्रवचन देतोय. निर्दोष सुटला तर? तो पश्चात्ताप कशाचा करणार होता, गरीब असल्याचा? जामीन मंजूर होतो पण जामीनदार मिळत नाही, सातबारा कोणाचा लावायचा, म्हणून महिनोन्महिने आत राहिलेले लोक आहेत. नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायची तरतूद आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त केस असलेले सोडून. हे कैद्याला समजावून सांगणारा एक वकील महिन्यातून दोनदा बराकीत आला तर मला वाटतं तो दहा प्रवचनांइतका मनःशांती देऊन जाईल.

आमच्या ओळखीतल्या एका पोराचं सांगतो, नाव गाव नको. मारामारीची केस, चौघांमध्ये हा पण होता, दीड वर्ष आत. जायच्या आधी एका मोटर वाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी वायर भरून द्यायच्या, दुकानात हेल्पर होता. सुटल्यावर तो तिथं गेला तर मालक म्हणाला बस, चहा घे, आणि चहा झाल्यावर म्हणाला आता एक पोऱ्या ठेवलाय रे, सांगतो तुला. त्या 'सांगतो तुला'चा अर्थ सगळ्यांना कळतो. मग एमआयडीसीत गेला, ठेकेदाराने चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, विषय संपला. दुसऱ्या एका दुकानात शेठने तोंडावर विचारलं, "काबर रे भो, दीड वरीस कोठे व्हता?" आणि याला खोटं बोलता येत नाही, हीच त्याची अडचण. जेलात त्याने काय काय केलं तर योगा केला, ध्यान केलं, निबंध स्पर्धेत भाग घेतला, त्याचं सर्टिफिकेट पण आहे, लॅमिनेट करून ठेवलंय. वर जेलचं नाव छापलेलं. ते तो दाखवणार कोणाला?

तो शेवटी रावेरकडे केळी कापणाऱ्या टोळीत लागला. तिथं मुकादम काही विचारत नाही, पाठीवर घड उचलता येतो का एवढंच बघतो. ऐकायला बरं वाटतं, पण आधी उचल देतो, आणि ती उचल फिटता फिटत नाही. सुटून आलेल्या माणसाला आमच्याकडे कामच मिळत नाही असं नाही, काम मिळतं, पण जिथं तो अडकून राहील आणि तोंड उघडणार नाही अशाच ठिकाणी मिळतं. नंदुरबार, साक्री, शिरपूरकडचे लोक तर गुजरातला ऊसतोडीला जातात, तिथं कोण कोणाची केस बघतं. पण हे पुनर्वसन नाही, ही पळवाट आहे.

आता याच पोराच्या बाबतीत उलटं काय होऊ शकलं असतं ते बघा. हेल्पर म्हणून त्याला जळालेली वायर छिन्नीने कापून काढणं, स्टेटर साफ करणं एवढं येत होतं. दीड वर्ष आहे हातात. आयटीआयचा एक निदेशक आठवड्यातून तीन दिवस आला असता, चार जुन्या जळक्या मोटरी, तांब्याची वायर, इन्सुलेशन पेपर, व्हार्निश आणि एक सिरीज लॅम्प, एवढ्यावर पोरगा पक्का वाइंडर झाला असता. किती टर्न, कोणता गेज, सबमर्सिबलला वेगळी वायर का लागते, स्टार्टर का ट्रिप मारतो, हे हाताला बसलं की कोणी काढून घेऊ शकत नाही. आणि आमच्याकडे या कामाला मरण नाही. एप्रिल-मे मध्ये पंचेचाळीसच्या वर तापमान, केळीला पाणी पाहिजेच पाहिजे, व्होल्टेज डाऊन होतं, एक फेज उडतो आणि मोटर जळते. त्या दिवशी शेतकरी मोटर गाडीत टाकून आणतो तेव्हा वाइंडरला तो चारित्र्याचा दाखला मागत नाही, तो फक्त विचारतो संध्याकाळपर्यंत होईल का भाऊ. हा एक असा धंदा आहे की गरज इतकी तातडीची असते की माणसाचा भूतकाळ मागे पडतो. ठिबकची फिटिंग आणि दुरुस्ती तशीच. टू व्हीलर मेकॅनिक, वेल्डिंग, जिनिंगच्या सीझनला लागणारा फिटर, फॅब्रिकेशन, ही सगळी कामं त्यातलीच. जेलात मेणबत्त्या आणि अगरबत्त्या बनवायला शिकवतात काही ठिकाणी, ते संस्थांना सोपं पडतं म्हणून, आमच्या भागात अगरबत्ती विकून घर चालवणारा मला एक दाखवा.

आणि सर्टिफिकेटवर जेलचं नाव नको. आयटीआयचं नाव, कौशल्य विकास वाल्यांचं नाव, मुक्त विद्यापीठाचं नाव, जे बाहेरच्या पोराला मिळतं तेच. ही बिनखर्चाची गोष्ट आहे, फक्त कोणीतरी कागदाचा फॉरमॅट बदलायचा आहे.

पैशाचं पण बोलू. शिक्षा झालेला कैदी काम करतो त्याला मजुरी मिळते, आपल्या राज्यात 2023 ला वाढवली तरी बंद जेलात ती दिवसाची शंभरच्या आतच राहिली. रोजगार हमीवर 2025-26 ला दिवसाचे 312 होते, मग बघा. सुप्रीम कोर्टाने 1998 मध्ये गुजरातच्या केसमध्ये सांगितलं होतं की सक्तमजुरीवाल्याला सुद्धा वाजवी मजुरी द्या, जेवणखाण कापडाचा खर्च कापून घ्या हवं तर, आणि त्याच मजुरीतून काही हिस्सा गुन्ह्यात ज्याचं नुकसान झालं त्याच्यासाठी बाजूला काढायचा कायदा करा. हा दुसरा भाग मला फार आवडतो आणि त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही. ज्याचा भाऊ मारला गेला त्या घराला कैद्याच्या पश्चात्तापाचं काय करायचंय? मजुरीतले महिन्याला हजार-पाचशे आले तर निदान पोरांच्या वह्या-पुस्तकांना होतील. राज्य सहकारी बँकेने 2022 मध्ये येरवड्यापासून जिव्हाळा नावाची योजना काढली, कैद्याला मजुरीच्या भरवशावर पन्नास हजारापर्यंत कर्ज, सात टक्क्याने, घरच्यांच्या दवाखान्याला, शिक्षणाला, वकिलाला. असं काहीतरी डोकं लावून केलेलं मला कुठल्याही सत्संगापेक्षा जास्त धार्मिक वाटतं. मजुरी वाढली तर हे सगळंच वाढेल.

यावर आमच्या कट्ट्यावर ठरलेला प्रश्न येतो, की आमची पोरं डिग्र्या घेऊन बसली आहेत, त्यांना काही नाही आणि गुन्हेगाराला फुकट ट्रेनिंग? प्रश्न चुकीचा नाही, राग खरा आहे. पण आयटीआयच्या सीटा जेलातल्या पोराने खाल्ल्या नाहीत, त्या बाहेर रिकाम्या राहतात की भरतात हा वेगळा विषय आहे. आणि दुसरं म्हणजे हा माणूस काही अंदमानला राहणार नाहीये. तो तुमच्याच तालुक्यात परत येणार आहे, तुमच्याच बसमध्ये बसणार आहे, हातात धंदा घेऊन आला तर बरं की हात हलवत आला तर बरं, हे आपल्या सोयीचं बघा, त्याच्या सोयीचं नका बघू. ज्यांनी लहान मुलांवर हात टाकला त्यांना घरोघरी जायचं काम देऊ नका, एवढी अक्कल ठेवायलाच पाहिजे, सगळ्यांना एका मापाने मोजा असं माझं म्हणणं नाही.

खान्देशात या विषयाला अजून एक पदर आहे. 1818 ला इंग्रजांच्या ताब्यात हा भाग आला तेव्हा सातपुड्यातल्या आणि सातमाळ्यातल्या भिल्लांना त्यांनी सरळ दरोडेखोर ठरवलं. त्यांचे गावोगावचे हक्क बुडाले होते, जमीन नव्हती, हे बाजूला. काही वर्षं पलटणी पाठवून बघितल्या, जमलं नाही. मग 1825 मध्ये आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, भिल्लांसाठी वेगळ्या एजन्सी नेमल्या, जमिनी दिल्या, बैल-बियाण्याला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, दिलं. इंग्रजांचा हेतू काही संताचा नव्हता, त्यांना बंदोबस्त स्वस्तात हवा होता. पण गोळीने जे झालं नव्हतं त्यातलं बरंचसं नोकरी आणि तगाईने झालं, हे गॅझेटियरमध्ये त्यांनीच लिहून ठेवलंय. आणि त्याच इंग्रजांनी 1871 ला गुन्हेगार जमातींचा कायदा आणून जन्मानेच गुन्हेगार ठरवायचं दुकान उघडलं, तो 1952 ला गेला, पण पारध्याच्या पोराला आजही कुठं चोरी झाली की आधी उचलतात, हे आपल्याला माहीत आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाला निकाल देऊन सांगावं लागलं की जेलात जातीवरून कामं वाटू नका, झाडू एकाला आणि स्वयंपाक दुसऱ्याला असं चालणार नाही, रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा. 2024 मध्ये! मग मला सांगा, आत्मशुद्धीचा वर्ग कोणासाठी लावायला पाहिजे होता?

म्हणून म्हणतो कीर्तन बाहेर. आमच्याकडे हरिनाम सप्ताह लागला की पाच-पाच गावं जेवायला असतात. मंडपात पहिल्या रांगेत कोण बसतं? जिनिंगवाले, दाल मिलवाले, ठेकेदार, बागायतदार, सोसायटीचे चेअरमन, ट्रॅक्टर एजन्सीवाले. म्हणजे तालुक्यात नोकरी देऊ शकणारे सगळे लोक सात दिवस रोज दोन तास महाराजांच्या समोर हात जोडून बसलेले आहेत. अशी संधी कलेक्टरला मिळत नाही. वाल्याचा वाल्मिकी झाला ही गोष्ट महाराज जेलात जाऊन सांगतात, तिथं ती सगळ्यांना पाठ आहे. तीच गोष्ट या मंडपात सांगा आणि शेवटी म्हणा की आपल्या तालुक्यातली इतकी पोरं यावर्षी सुटून आलीत, एकेकाने एकेक कामावर घ्या, जबाबदारी माझी. एका महाराजाने 'जबाबदारी माझी' म्हटलं तर त्या शब्दाला पोलिसांच्या दाखल्यापेक्षा जास्त किंमत आहे आमच्याकडे. मौलानांनी जुम्म्याला म्हणावं, विहारात म्हणावं, चर्चमध्ये म्हणावं, नंदुरबारकडे जे भगत आणि माळकरी आहेत त्यांनी म्हणावं. आणि आत जे काही ध्यान-प्रवचन होईल ते ज्याला बसायचं त्यानेच बसावं, नाही बसला म्हणून त्याच्या वर्तणुकीच्या नोंदीवर परिणाम नको, मुसलमान पोराला भजनाला आणि आदिवासी पोराला सूर्यनमस्काराला हजेरी म्हणून उभं करण्यात कोणाचंच पुण्य नाही.

सरकारने काय करावं याची यादी मोठी आहे, तुरुंग सुधारणेच्या मुल्ला समितीने 1983 मध्येच ढीगभर शिफारशी करून ठेवल्यात, तुरुंगांचं मॉडेल मॅन्युअल 2016 चं आहे, मॉडेल कायदा 2023 चा आहे, तुरुंग हा राज्याचा विषय असल्यामुळे केंद्राने नमुना द्यायचा आणि राज्याने फाईल करायची असं चालू आहे. त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. धुळ्यात आयटीआय आहे, जळगावात आहे, जेल पण शहरातच आहे, दोघांमध्ये रिक्षाने जाण्याइतकं अंतर. वाइंडिंगचा एक बेंच जेलात टाकायला कोणत्या समितीचा अहवाल पाहिजे?

आणि काम देणाऱ्यांसाठी एक वेळ आमच्याकडे आधीच ठरलेली आहे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले शेतगडी ठरतात, जुन्याचं साल संपतं, नव्याचं लागतं, आणि हल्ली सगळेच बागायतदार रडतात की सालदार मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, पगार सांगू तो द्यायला तयार आहे पण माणूस नाही. ठीक आहे, माणूस आहे. अखाजीच्या महिनाभर आधी जेलवाले, आयटीआयचे सर, एखादे महाराज आणि पाच-सात बागायतदार एका खोलीत बसवा, सुटणाऱ्यांची नावं, कोणाला मोटर कळते, कोणाला ठिबक कळतं, कोणाला फक्त बैल कळतात, एवढं बोला, पगार तोच जो बाकीच्या सालदाराला, उचल लिहून, मजुरी बँकेत. पहिल्या वर्षी दोन पळून जातील, एक दारू पिऊन पडेल, आणि त्या तिघांची चर्चा पूर्ण तालुक्यात होईल. बाकीच्यांची होणार नाही, ते केळीला पाणी भरत असतील.